तांबड्या मातीची डाळ आणि कुलूप नसलेली चिप

तुम्ही पूर्ण किंमत देऊन घेतलेलं यंत्र चुकीचं वागायला लागलं, तर ते सुधारायचा हक्क कुणाचा? "माझाच की, दुसऱ्या कुणाचा असणार?" असं बहुतेक जण म्हणतात. दौंडजवळच्या एका डाळ मिलचे मालक बबनआप्पाही असंच म्हणाले होते. मग मी त्यांच्या यंत्राचं झाकण उघडून आत बोट दाखवलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

ती गोष्ट सांगायची तर आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी शिरूरला यंत्रांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करते आणि गरज पडली तर नवे बनवते. पशुखाद्याची पोती शिवणारी मशीन, कांद्याची प्रतवारी करणारे पट्टे, पॅकिंगची यंत्रं, असा सगळा गोतावळा आहे. लोकांना हे काम टीव्ही दुरुस्तीचं धाकटं भावंड वाटतं. एकदा एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग दुकानावर इलेक्ट्रॉनिक्स कशाला लिवलंय?" मिक्सर दुरुस्त करून दिला.

बोर्डावरच्या काही चिप सांगितलेली कामं एकामागून एक करतात. मी बोलणार आहे ती चिप वेगळ्या जातीची. ती विकत आणतो तेव्हा कोरी असते. आत हजारो बारीक वाफे आणि त्यांना जोडणारे पाट असतात असं समजा. शेताला पाणी देताना दारं धरणारा माणूस कुठलं दार फोडायचं आणि कुठलं बांधायचं ते ठरवतो. एकदा दारं लागली की पाणी आपल्या वाटेनं सगळीकडे एकदम पोचतं. या चिपचंही तसंच आहे. कुठलं दार उघडं आणि कुठलं बंद याची एक फाईल असते. वीज आली की चिप ती फाईल वाचते आणि त्या एका कामासाठी घडते. मग सगळ्या वाफ्यांत काम एकाच वेळी चालतं, कुणी कुणासाठी थांबत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय लागतो तिथे हीच चिप लागते.

अडचण त्या फाईलची आहे. ती बनवायचं सॉफ्टवेअर चिपच्या कंपनीकडे असतं. कुठलं दार फाईलमध्ये कुठल्या जागी आहे हा नकाशा कंपनी कुणाला देत नाही. पण काही चिपचे नकाशे जगभरच्या चिवट माणसांनी स्वतः काढले. एक दार बदलायचं, फाईलमध्ये काय हललं ते बघायचं, नोंदवायचं, मग पुढचं दार. या नोंदींवरून त्यांनी स्वतःची साधनं लिहिली आणि सगळ्यांसाठी मोकळी केली. वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. कुणाची सही लागत नाही.

मीही सुरुवातीला कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरायचे. ते फुकट होतं, मात्र परवाना माझ्या एका संगणकाशी बांधलेला. तो संगणक एके दिवशी मेला. पोती शिवणाऱ्या एका मशीनमध्ये किरकोळ बदल करायचा होता. डिझाईन माझं, त्याची प्रत माझ्याजवळ, आणि ते उघडायला मी परक्या देशातल्या कंपनीकडे अर्ज करून बसले होते. अर्जात विचारलं होतं, चिप कशासाठी वापरणार? मी लिहिलं, पेंडीची पोती शिवायला. उत्तर येईपर्यंत पोती सुतळीनं हातानं शिवली जात होती.

तेव्हापासून चिप निवडायची माझी रीत बदलली. आधी संगणकाचं इंटरनेट काढून टाकते, म्हणजे कुणाच्या परवान्यावाचून काम होतं का ते कळतं. मग मोकळ्या साधनांनी एक खरं काम सुरुवातीपासून चिपवर चढेपर्यंत करून बघते. नुसता दिवा लुकलुकवून भागत नाही, दिवा तर कुठलीही चिप लुकलुकवते. आतली स्मृती, गुणाकाराची जागा, घड्याळाचा भाग, यातलं काय काय साधनांना खरंच कळतं ते तपासावं लागतं. 'ही चिप चालते' असं लिहिलेलं असतं तिथे बऱ्याचदा अर्धीच चालत असते. एकाच घराण्यातली एक चिप पूर्ण ओळखीची असते आणि तिचा सख्खा भाऊ अनोळखी. त्यानंतर बघते की चिपचे पाय बाहेर आहेत ना, म्हणजे शिरूरमध्ये साध्या सोल्डरिंगनं बसवता येईल. एकाहून जास्त दुकानांत मिळते का, तेही. किंमत सर्वांत शेवटी. या क्रमानं चाललं की मोठमोठ्या नावांच्या चिप गळून पडतात आणि हाती बऱ्याचदा जुनी, छोटी, साधी चिप राहते. बहुतेक कामांना ती पुरते.

आता आप्पांकडे वळू.

आप्पांच्या मिलची तूरडाळ तांबड्या मातीची असते. तूर भिजवायची, तिला तांबड्या मातीचा लेप द्यायचा, ढीग झाकून ठेवायचा, मग उन्हात वाळवून माती चाळून काढायची आणि भरडायची. डाळ लवकर शिजते आणि चवीला गोड लागते असं ज्यांना वाटतं ते दुसरी डाळ घरात आणत नाहीत. शिरूरच्या बाजारात अशी गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माती चाळली तरी दाण्याच्या कडेला तांबूस झाक राहते. ती झाक बघूनच लोक डाळ घेतात.

आप्पांनी रंगावरून दाणे निवडणारं सॉर्टर मशीन घेतलं. डाळ घसरगुंडीवरून खाली येते, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की खालून हवेची फुंकर येऊन तो बाजूला उडतो. बघण्यापासून फुंकण्यापर्यंतचा वेळ इतका थोडा की आत आपली दारंवाली चिपच लागते. मशीन सुंदर चालत होतं. पण ते पिवळ्याधमक तेल लावलेल्या डाळीवर शिकलेलं होतं. तांबूस कडेचा प्रत्येक दाणा त्याला डागी दिसायचा. आप्पांची चांगली डाळ टाकाऊच्या पेटीत जाऊन पडायची, आणि त्या पेटीतून ती परत वेचायला बायका बसवाव्या लागायच्या. मशीननं फेकायचं आणि माणसांनी उचलायचं.

कंपनीचा इंजिनिअर आला तेव्हा मी तिथेच होते. आप्पांनी मला एका पट्ट्याच्या मोटरसाठी बोलावलं होतं.

"साहेब, ह्याला आमची डाळ शिकवा," आप्पा म्हणाले.

"ते सेटिंग आतून लॉक असतं, आप्पा. मशीन बरोबर आहे. तुम्ही डाळ बदला."

"डाळ बदलू?"

"माती लावायचं बंद करा. हल्ली कोण लावतंय?"

आप्पांच्या बायको, इंदूकाकू, डाळीची विक्री बघतात. त्या दारातूनच म्हणाल्या, "साहेब, च्या घेता का? आमच्या च्यालाबी मातीची चव लागंल हां, भीमेचं पाणी हाय." साहेबांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी झाकण उघडून आप्पांना ती चिप दाखवली. शेजारी तिची फाईल ठेवणारी स्मृती होती. दोन्हींना कुलूप होतं, वाचताही येत नव्हतं. "कॅमेरा तुमचा, फुंकणी तुमची, लोखंड तुमचं," मी म्हटलं. "पण कुठला दाणा चांगला ते ठरवणारी जागा एवढीच, आणि ती तुमची नाही."

माझे वडील चळवळीतले, माझं अक्षरज्ञान त्यांच्या पत्रकांवर झालं. 'जाहीर निषेध' हे मी वाचलेले पहिले शब्द. त्यामुळे पुढचं बोलणं जरा लांबलं. इंदूकाकू मध्येच म्हणाल्या, "बाई, तू भाषान नंतर कर. तुला हे करता येतंय का न्हाई, तेवढं सांग."

येतंय, असं मी सांगितलं. कॅमेरा आणि फुंकण्या तशाच ठेवून मधला बोर्ड नवा करायचा, मोकळ्या साधनांनी चालणारी चिप त्यावर बसवायची, आणि सगळं आप्पांच्या हवाली करायचं. नव्या तुरीचा लेप चढायच्या आत हे व्हायला हवं होतं. एकदा हंगाम सुरू झाला की टाकाऊच्या पेटीतून वेचून पुरं पडणार नव्हतं. आप्पांनी बोलून दाखवलं होतं, ह्या वर्षी जमलं नाही तर माती बंद करून पिवळ्या डाळीवर जायचं. त्यांचे वडील, आजोबा हीच डाळ करत आले होते. बोलताना ते आमच्याकडे न बघता वाळत घातलेल्या तुरीकडे बघत होते.

चांगला दाणा कुठला हे आधी मला कळायला हवं होतं. मी आप्पा आणि काकूंपुढे सुपात डाळ ठेवली आणि निवडून द्या म्हटलं. दोघांचे दोन ढीग झाले आणि ते जुळेनात.

"हा दाणा काढायचा व्हय? डोळं तपासून घ्या," काकू म्हणाल्या.

"करपलाय त्यो."

"करपला न्हाई, ऊन लागलंय. आमच्या माहेरी असला दाना पैला शिजवत्यात."

"मंग मशीन तुझ्या माहेरी लावू का?"

त्या भांडणातून मला माझ्या कामाचा सर्वांत उपयोगी धडा मिळाला. चांगल्या दाण्याची एकच व्याख्या चिपमध्ये घालून ठेवली असती, तर कंपनीच्या जागी मी बसले असते, एवढाच फरक. म्हणून मी पॅनेलवर बाहेरून फिरवायची एक खुंटी दिली. तांबूसपणा किती चालवून घ्यायचा ते मिलमध्ये ज्यानं त्यानं ठरवावं. ती खुंटी आजही आप्पा एकीकडे फिरवतात आणि काकू जाता जाता दुसरीकडे.

डिझाईन झालं, माझ्या सरावाच्या बोर्डावरच्या छोट्या चिपवर चाचणीही झाली. बोर्डासाठी चिप आणायच्या होत्या. आप्पा पुण्याला चाललेच होते. मी त्यांना चिपचं पूर्ण नाव लिहून दिलं. आप्पा आले ते हसतच.

"पोरी, तू सांगितली त्यापरीस मोठी आणलीय. दुकानदार म्हनला ही डब्बल हाय. पाय तेवढंच, जागा तेवढीच."

आमच्याकडे विहिरीला पाच हॉर्सपॉवरची मोटर लागत असेल तर लोक साडेसातची बसवतात. हंगामात कमी पडायला नको म्हणून. पायपाचंही तसंच. माझ्या स्वतःच्या घरी तेच आहे. आप्पांनी चिप त्याच हिशेबानं घेतली होती, आणि वरचा फरक आनंदानं दिला होता. पण हा मोठा भाऊ अनोळखी होता. छोटीचा नकाशा काढलेला होता, मोठीची आतली मांडणी वेगळी, आणि मोकळ्या साधनांना ती माहीत नव्हती. बोर्डावर चिप अगदी नीट बसत होती आणि माझ्या उपयोगाची नव्हती.

मी ते सांगितलं. आप्पांचा चेहरा उतरला.

"मंग कंपनीच्या सॉफ्टवेअरनं हुतंय का?"

"होतं."

"किती दिस लागत्याल?"

"फार नाही. डिझाईन तयार आहे."

"मंग कर की. माल यायला लागलाय."

मी नाही म्हटलं. कशासाठी हे सगळं सुरू केलं तेही बोलले, आणि ते पत्रकासारखं बोलले. आप्पा ऐकून घेत होते. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, तत्त्व तुझं आन् डाळ माझी."

बरोबरच होतं त्यांचं. नुकसान झालं असतं ते माझं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही ठरवा, मी तसं करते. पण कसं असेल ते आधी ऐका. परवाना माझ्या नावावर असेल, माझ्या संगणकावर. पुढे काही बदलायचं तर माझ्याकडे यावं लागेल. मी असेन तोवर काही अडणार नाही."

"आन् तू नसलीस तर?" काकूंनी विचारलं.

"कुठं चाललीय ती?" आप्पा म्हणाले.

"कुठंबी जाईल. लगीन करंल, नोकरी धरंल. तिला काय आपल्या मिलला बांधून घातलीय?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "म्हंजी बघ, आता किल्ली कंपनीकडं हाय. तू केल्यावर तुझ्याकडं येनार. आमच्याकडं कवा येनार?"

 

आप्पांनी मोठ्या चिपांचं पाकीट खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी परत पुणं गाठलं. दुकानदारानं माल परत घेतला नाही. छोट्या चिप त्याच्याकडे संपल्या होत्या, त्या मागवाव्या लागल्या आणि कुरियरनं यायला वेळ लागला. तोवर मशीन बंद ठेवून सगळी डाळ बायकांनी हातानं निवडली. काकूही त्यांच्यात बसल्या. माल वेळेवर निघेना. शिरूरचा एक जुना व्यापारी थांबायला तयार नव्हता. त्यानं दुसऱ्या मिलची पिवळी डाळ उचलली आणि तो आप्पांकडे पुन्हा आला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांत असल्या ओळी नसायच्या.

चिप आल्या, बोर्ड बसला. पहिल्या दिवशी फुंकर उशिरा यायची, चांगला शेजारी उडायचा आणि डागी दाणा सुखरूप खाली. आप्पा म्हणाले, "ही तर आमच्या पंचायतीवानी झाली." घसरगुंडीवर डाळीचा वेग माझ्या अंदाजापेक्षा जास्त होता. आकडा बदलला, फाईल पुन्हा बनवली, तिथेच मिलमध्ये बसून. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत तांबूस कडेची डाळ घसरगुंडीवरून सरळ खाली येत होती आणि टाकाऊच्या पेटीत खरोखरचं टाकाऊ पडत होतं. काकूंनी पेटीत हात घालून मूठभर दाणे वर काढले, निरखले, परत टाकले. त्या सीझनला मिलमधली माती बंद झाली नाही, ती आजवर येते आहे.

पेटीतून डाळ वेचायचं काम त्या दिवशी संपलं. त्या बायकांपैकी काहींना मातीचा लेप आणि वाळवणावर काम मिळालं, सगळ्यांना नाही. माझ्या चिपनं तेही केलं.

निघताना मी नेहमीप्रमाणे सगळं एका पेन ड्राईव्हवर भरलं. डिझाईन, बोर्डाचा नकाशा, मोकळी साधनं जशीच्या तशी, आणि मराठीत कसं करायचं त्याच्या सूचना. तो पेन ड्राईव्ह पॅनेलच्या दाराला आतून दोरीनं बांधला. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी असं करते. बहुतेक ठिकाणी त्याला कुणी हात लावत नाही.

पुढे माझी आई आजारी पडली आणि मी बरेच दिवस दुकान बंद ठेवलं. फोनही धड उचलत नव्हते. दौंडला पुन्हा गेले ते आप्पांकडच्या पट्ट्याच्या कामासाठी. बघते तर सॉर्टरवर हरभऱ्याची डाळ चालली होती, आणि माझं यंत्र हरभऱ्यासाठी नव्हतं.

"हे कुणी केलं?"

"फडतरेमामांनी," आप्पा म्हणाले. "रेल्वेत सिग्नलला हुते, रिटायर झाल्यात. तू फोन उचलंना, मंग त्यांला बलावलं."

मी पॅनेल उघडलं. दसऱ्याच्या पूजेत आप्पांनी पेन ड्राईव्हलाही कुंकू लावलं होतं, ते तोंडात जाऊन बसलं होतं आणि कुणीतरी सुईनं काढल्याच्या खुणा होत्या. त्यातली डिझाईनची फाईल उघडली. हरभऱ्यासाठी वेगळी वाट केली होती. आणि कॅमेऱ्याच्या चित्रातले खोटे ठिपके गाळायला मी विचारपूर्वक जे केलं होतं, ते सरळ उडवलं होतं. जागेवर एक ओळ होती: येथील रचना अनावश्यक होती.

मी फडतरेमामांना फोन लावला.

"तुम्ही माझं गाळणं काढलंत?"

"काढलं. तुमच्या कॅमेऱ्याला त्याची गरजच नव्हती. ताण नुसता."

"मला एकदा विचारायचं तरी."

"कशाला?" ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय ना त्यात, कुणाला विचारायची गरज नाही म्हणून?"

लिहिलं होतं. सूचनांमध्ये पहिलंच वाक्य ते होतं. मी फोन ठेवला. थोडा वेळ राग आला. मग घसरगुंडीजवळ उभी राहून बघितलं, हरभऱ्याची डाळ स्वच्छ निघत होती. गाळणं नव्हतं तरी निघत होती. काकूंनी माझ्यासाठी चहा आणला आणि जाता जाता खुंटी आपल्या बाजूला फिरवली.

मला त्या मशीनसाठी त्यानंतर कुणी बोलावलेलं नाही.

तर वाचकहो, एक काम करा. तुमच्या दुकानात, गोठ्यात, मिलमध्ये, सोसायटीत असं एखादं यंत्र असेल ज्याच्यावर तुमचं पोट चालतं. हा अंक खाली ठेवल्यावर ते ज्यानं विकलं त्याला फोन लावा आणि एवढंच विचारा: उद्या तुम्ही नसलात, तर हे यंत्र बदलायला लागणारं सगळं माझ्याकडे आहे का? नसेल तर ते मागा, लेखी मागा. आणि पुढचं यंत्र घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी हाच प्रश्न करा, पॅनेलचं दार उघडायला लावा आणि आत काय बांधलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.